ओलतीचं पाणी

माणसाकडे नुसतं पाहून मला कळतं की याच्याकडे तिकीट नाही. तीस-बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली, त्याचं हे फळ. बिनतिकिटाचा माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून पाहतो. त्याला एकाएकी धानाच्या बांध्यांचं फार कौतुक वाटायला लागतं. बायको म्हणते, नोकरी सुटली पण तुमचा तो डोळा काही सुटला नाही. खरं आहे. भाजीवालीनं मूठभर कोथिंबीर वर टाकली तरी माझ्या मनात येतं, हिला आज काय झालं? जावयाचा सहज म्हणून फोन आला तरी मी आधी मुलीला विचारतो, काय हवंय त्याला?

अशा माणसानं लाखनीच्या भंगारवाल्याकडून जुने ड्रम विकत घेतले, तेव्हा काय झालं असेल ते समजून घ्या. हायवेच्या कडेला त्याचं दुकान. प्लास्टिकचे निळे ड्रम, माझ्या छातीपर्यंत येणारे, उन्हात रांगेनं उभे होते. मी पहिल्याला हात लावून विचारलं, यात आधी काय होतं? म्हणाला, गुलाबाचं शरबत. दुसऱ्यात? लोणचं. आणि तिसऱ्यात? त्यानं रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रककडे पाहिलं. मी तिसऱ्या ड्रमात तोंड घालून वास घेतला. साबणासारखं काहीतरी होतं. ते तिन्ही ड्रम मी आठ दिवस चिंचेनं आणि राखेनं घासले, उन्हात पालथे घातले, पहिल्या पावसाचं भरलेलं पाणी सगळं ओतून दिलं, आणि तरीही पहिला घोट मी बायकोला न सांगता आधी स्वतः प्यालो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर डाळीसाठी. आमच्या गावात नळाला जे पाणी येतं तेही बोरिंगचंच. त्या पाण्याचा चहा केला तर वर तवंग येतो, भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, आणि डाळ तर शिजतच नाही. शिट्ट्या मोजून थकावं, दाणा आपला दाण्याच्या जागी. आभाळाचं पाणी मात्र डाळीला एका उकळीत मऊ करतं. हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. मला ते रिटायर होऊन गावात राहायला आल्यावर कळलं, आणि कळलं तसं मी कामाला लागलो.

आता घराचं सांगायला हवं. वडिलांनी हयात असतानाच आम्हा दोघा भावांची वाटणी करून दिली होती. जुनं घर थोरल्याला, त्याच्या शेजारच्या दोन खोल्या मला. माझ्या खोल्यांवरची कौलं काढून पुढे मी टिनाचं छप्पर घातलं. त्याचा एक उतार माझ्या अंगणात येतो आणि दुसरा, दक्षिणेकडचा, थोरल्याच्या अंगणात. दोन्ही अंगणांच्या मध्ये भिंत आहे, भिंतीत एक दार आहे, आणि त्या दाराला आजवर कधी कडी लागलेली नाही.

भाऊ काही वर्षांपूर्वी गेला. पलीकडे आता वयनी एकटीच असते. मुलगा नागपूरला नोकरीला आहे, तो न्यायला येतो आणि ती जात नाही. ही वयनी माझ्यासाठी कोण आहे ते थोडक्यात सांगतो. आमची आई लवकर गेली, आणि वयनी या घरात आली तेव्हा मी चौथीत होतो. माझं नाक पुसण्यापासून शाळेची पिशवी भरून देण्यापर्यंत सगळं तिनं केलं. अजून ती मला बाबू म्हणते. उन्हाळ्यात तिच्याकडून लोणच्याची बरणी येते, तोंडाला फडकं बांधलेली. आणि दर दोन-चार दिवसांनी मधल्या दारातून येते एक वाटी, लाखोळीच्या डाळीची. धान कापणीला यायच्या आधी त्याच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोळी टाकतात, त्या शेंगांची ही डाळ. वयनीच्या हातची ती खाल्ली की मला दुसरं काही लागत नाही. गावात जीव लावावा असं माणूस मला हे एकच. बायकोलाही हे माहीत आहे, तिचं त्यावर काही म्हणणं नाही.

तर ड्रम बसवले आणि पहिल्याच पावसात लक्षात आलं की माझ्या अंगणातल्या उतारावर बाभळीचा पाला पडतो. पाणी काळपट येत होतं. दक्षिणेचा उतार मात्र स्वच्छ. मग मी प्लास्टिकचा जाड पाइप उभा चिरून त्याची पन्हळ केली, दक्षिणेच्या कडेला तारांनी बांधली आणि तिचं तोंड भिंतीवरून वळवून माझ्या ड्रमांपाशी आणलं. शिडी वयनीच्याच अंगणात लावली होती. ती खाली उभी राहून पाहत होती. म्हणाली, "बाबू, हे ओलती इकडची होय ना?"

छपराच्या कडेवरून पावसाचं पाणी ओळीनं जिथे पडतं, त्याला आमच्याकडे ओलती म्हणतात. मला वाटलं, तिला विचारायचं आहे की तिच्या अंगणात पडणाऱ्या पाण्याचाच मी बंदोबस्त करतोय ना. मी वरूनच मोठ्या ऐटीत म्हटलं, "होय, इकडचीच. आता तुह्या अंगनात चिखल नाई होनार, पाय."

तिनं पदर सावरला आणि ती आत गेली. मी ते आभार समजलो.

ड्रम भरले. पहिल्या ड्रमाच्या खांद्याला भोक पाडून पन्हळीचं पाणी आत घेतलं होतं, त्याचं उतू गेलेलं दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात. तोंडाला गाळणं म्हणून जुन्या धोतराचं फडकं. तोटी मुद्दामच लावली नाही, कारण तोटी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला उघड आमंत्रण. झाकण काढायचं, लोट्यानं पाणी घ्यायचं, झाकण लावायचं. आमच्या घरात त्या दिवशी जे वरण झालं ते मी भात न घेता नुसतंच प्यालो.

मग एकदा पाऊस चार दिवस उघडला. तिसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं की पहिल्या ड्रमातलं पाणी बोटभर खाली गेलंय. वाटलं म्हणजे काय, मला खात्रीच होती. मी मार्करनं ड्रमावर रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या खाली. आम्ही वापरलं होतं ते तिसऱ्या ड्रमातून.

आधी गळतीचा संशय घेतला. ड्रमांखाली कोरडे पेपर अंथरले, ते कोरडेच राहिले. मग डेंग्यूच्या अळ्या तपासायला घरोघर फिरणाऱ्या बाईंवर संशय गेला, पण त्या येऊन पंधरा दिवस झाले होते. मग समोरच्या घरातला शेजारी. तो हल्ली रोज मोटरसायकल धूत होता आणि माझ्याकडे पाहून फार प्रेमानं हसत होता. मी संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि बोलता बोलता गाडी निरखली. टाकीवर बोरिंगच्या पाण्याचे पांढरे ठिपके वाळलेले होते. आभाळाच्या पाण्याचे ठिपके पडत नाहीत. त्याला सोडून दिलं.

राहिली बायको. मी तिला सरळच विचारलं.

"हो," ती म्हणाली, "मीच नेतो. डोक्यावर घेतो अन् आंधळगावच्या बाजारात जाऊन इकून येतो. अवो, तुमाले काही कामधंदा नाई का? पानी उडूनही जाते उन्हानं."

"झाकण लावलेलं असताना?"

"मंग बेडूक पेत असन."

तिच्याकडून काही मिळणार नव्हतं. मी दोरा घेतला. झाकणाच्या कडीतून ओढून ड्रमाच्या कानाला बांधला आणि वर माझी गाठ मारली. ही गाठ म्हणजे माझी नोकरीतली कमाई. दोन वेढे, उलटी आवळ आणि टोक आत. तिकिटांच्या पेटीला मी हीच गाठ मारायचो. डेपोत ती कुणाला सोडवता आली तरी परत तशीच बांधता कधी आली नाही. पेटीला कुणी हात लावला की मला तिथल्या तिथे कळायचं.

सकाळी उठून पाहिलं तर दोरा बांधलेला होता. पण गाठ माझी नव्हती. गाठच नव्हती. दोऱ्याला नुसता पीळ देऊन त्याचं टोक पिळाखाली खोचलेलं होतं. पाणी गुंडभर, म्हणजे एका घागरीएवढं, कमी.

असा पीळ आमच्याकडे कुणाच्या हाताला असतो ते मला माहीत होतं. रोवण्याच्या वेळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून त्यांच्या जुड्या बांधतात, तेव्हा बाया गाठ मारत नाहीत. काडीला पीळ देतात आणि टोक खोचतात. गावातल्या प्रत्येक बाईचा हात तसा चालतो. पण हा पीळ उलटा होता, उजवीकडून डावीकडे आलेला. आणि आमच्या आळीत डावखुरी बाई एकच आहे.

तरी मी स्वतःला फसवून पाहिलं. दोरा पुन्हा माझ्या गाठीनं बांधला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच उलटा पीळ. तिसऱ्या दिवशीही. मधल्या दारापासून ड्रमापर्यंतच्या मातीत थेंबांची ओळ होती. ती पुसायचीही तिनं तसदी घेतली नव्हती.

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. पाण्याचा नाही. मागितलं असतं तर अख्खा ड्रम उचलून दिला असता, असं मी मनाशी दहादा म्हटलं. पण न विचारता घेतलं, आणि तेही या माणसानं, हे मला जिव्हारी लागलं. मागचं एकेक आठवायला लागलो. वाटी घेऊन येते तेव्हा ती ड्रमाकडे का पाहते? मुलाकडे नागपूरला जात का नाही? भावाच्या आजारपणात मी सुट्टी काढून आलो नव्हतो, तो राग अजून आहे का? एकदा संशयाला घरात घेतलं की तो सगळ्या खोल्या हिंडून येतो. बायकोला मी काही सांगितलं नाही. लाखनीला गेलो, लोखंडी पट्टी आणि कुलूप आणलं, आणि पहिल्या ड्रमाचं झाकण बंद केलं. मग विचार केला आणि आणखी दोन कुलपं आणली.

त्या सकाळी वयनी मधल्या दारात आलेली मी खिडकीतून पाहिली. डोक्यावर पदर, कमरेवर पितळी गुंड. ती ड्रमापाशी गेली, कुलपाला हात लावला, ते जरा उचलून पाहिलं. मग गुंड तसाच रिकामा घेऊन परत गेली. ना आवाज दिला, ना इकडेतिकडे पाहिलं. मी जिंकलो होतो आणि मला चहा गोड लागत नव्हता.

वाटी यायची बंद झाली. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. मी म्हटलं, बघा, चोरी पकडली तर उलट रुसवा. पण जेवताना माझा कान दाराकडे असायचा हेही खरं. बायको वयनीला बाई म्हणते. ती एकदा म्हणाली, "बाईचं काही बिनसलं का? जाऊन पायता का?" मी आणखी भात वाढायला सांगितलं.

दहाव्या दिवशी वाटी आली. बायकोनं ती माझ्यासमोर ठेवली. मी पहिला घास घेतला आणि दाताखाली दाणा कचकन वाजला. डाळ कच्ची. पाणी वेगळं, दाणा वेगळा. आणि लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? मुद्दाम केली. मला दाखवायला मुद्दाम कच्ची पाठवली.

वाटी तशीच उचलून मी मधल्या दारातून गेलो. वयनी ओसरीवर सूप घेऊन डाळ निवडत बसली होती.

"वयनी, दाळ कच्ची आहे."

"हो रे बाबू. तीन डाव आधन ठेवलं, नाई शिजली. बोरिंगच्या पान्यात नाई शिजत. माह्या दातानं तं मले काहीच खाता नाई येत, मी नुसता भात खातो. तुले आवडते म्हनून पाठवली."

"मग इतके दिवस कशी शिजत होती?"

मी अशा वेळी माणसाचे डोळे पाहतो. तिनं ना अंगणाकडे पाहिलं, ना आभाळाकडे. सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुह्या ड्रमातल्या पान्यात."

"मला न विचारता?"

"त्यात काय इचाराचं? ओलतीचंच तं पानी."

"ओलती माझ्या छपराची आहे, वयनी."

"छप्पर तुहं आहे, बाबू," ती सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "ओलती माही आहे. दादाजीच्या हातचा वाटनीचा कागद असन ना तुह्यापाशी, वाचून पाय."

दादाजी म्हणजे आमचे वडील. तिचा आवाज चढलेला नव्हता. मी मान वळवली तेव्हा मला ते दिसलं, आणि शिडीवर चढलो होतो त्या दिवशी का दिसलं नाही ते कळेना. माझ्या छपराच्या कडेखाली, तिच्या अंगणात, मातीत लहान लहान खळगे होते, एका ओळीत, हातभर अंतरानं. वर्षानुवर्षं थेंब पडून झालेले. त्या ओळीत पाच भांडी मांडलेली होती. दोन गुंड, एक पसरट पितळी कोपर, एक घमेलं, एक जुना तांब्याचा हंडा. वर माझी पन्हळ होती आणि खाली भर पावसाळ्यात पाचही भांडी कोरडी. एकात कोळ्यानं जाळं धरलं होतं. आणि तरी तिनं ती उचललेली नव्हती.

घरी येऊन मी लोखंडी पेटी उघडली. कागद शाळेतल्या गुरुजींच्या अक्षरात होता, खाली वडिलांचा अंगठा, भावाची सही आणि माझी. सही माझीच होती. त्या दिवशी ड्यूटीवर असताना गाडी फाट्यावर थांबवून मी धावत घरी आलो होतो. वयनीनं पेन हातात दिलं आणि म्हणाली, कर बाबू सही, आणि मी केली. लोकांचे पास उलटसुलट करून पाहणारा मी, आयुष्यात ज्या एकाच कागदावर न वाचता सही केली तो हा. मला आठवत होतं ते एवढंच की ओलतीबद्दल त्यात काही आहे, आणि ते बहुतेक असं की माझं पाणी थोरल्याच्या अंगणात पडलं तर त्यानं तक्रार करू नये.

कागदात लिहिलं होतं: "दक्षिण छपराच्या ओलतीचे पाणी आजवरच्या वहिवाटीप्रमाणे थोरल्याच्या अंगणात पडेल. धाकट्याने ते वळवू नये. थोरल्या सुनेने वाटणीत एवढेच मागितले आहे."

बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिनं खांद्यावरून वाचलं आणि कुलपाच्या चाव्या माझ्यापुढे ठेवल्या. हा सगळा पावसाळा मी दुसऱ्याच्या तिकिटावर बसून आलो होतो, आणि वर त्याच माणसाला खाली उतरवलं होतं. मला माझीच इतकी लाज वाटली की मी तो कागद घडी न करताच पेटीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शिडी घेऊन वयनीच्या अंगणात गेलो आणि पन्हळीच्या तारा सोडायला लागलो. ती खालून पाहत होती.

"वयनी," मी वरूनच म्हटलं, "चुकलं माझं."

"अर्धी ठेव," ती म्हणाली. "तुह्या घरीबी दाळ शिजते ना. अर्धी इकडं पडू दे, अर्धी तिकडं ने."

मी अर्धी पन्हळ काढली. कुलपं आदल्या दिवशीच काढली होती. दुपारी पाऊस आला. मी माझ्या बाजूला भिंतीपाशी उभा राहून ऐकत होतो. आधी कोपर वाजलं, मग हंडा, मग गुंड. भरत आले तसे त्यांचे आवाज जाड होत गेले.

संध्याकाळी बायको पलीकडून वाटी घेऊन आली. पाऊस होता म्हणून वाटीवर फडकं घालून दोऱ्यानं बांधलं होतं. दोरा माझाच, ड्रमावरचा. मी सोडायला हात घातला आणि थांबलो. दोन वेढे, उलटी आवळ, टोक आत.

"ही गाठ तू मारली?" मी बायकोला विचारलं.

"मी कायले मारू? बाईनं बांधून देल्ली. लोनच्याच्या बरनीले दरसाल हेच तं असते. तुमी कधी पाह्यली का?"

नव्हती पाहिली. बरणी उघडायचं काम कायम बायकोचं. पण आता पाहिली आणि चौथीतली पिशवी आठवली, तिचा बंद शाळेच्या वाटेवर सुटायचा, आणि ओसरीवर बसून माझी बोटं धरून कुणीतरी शिकवलं होतं, दोन वेढे घे, उलटं आवळ, टोक आत घाल, आता नाई सुटत. डेपोत शिकलो म्हणून मी जन्मभर मिरवत होतो ती गाठ वयनीची होती.

म्हणजे तिला ती डोळे मिटून मारता येत होती. रोज सकाळी पाणी घेतल्यावर दोरा माझ्या गाठीनं बांधला असता तर मला कधीच कळलं नसतं. तिनं तसं एकदाही केलं नाही. रोज तिनं तो आपल्या डाव्या हाताच्या पिळानं बांधला, पाणी तिनं नेलं हे मला कळावं म्हणून. मी तो पीळ बरोबर ओळखला, आणि कुलूप आणायला लाखनीला गेलो.